दोन अर्थांचा एक शब्द



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक १७.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला तीन गोष्टी नीट समजून घ्यायला सांगतात. कर्म, विकर्म आणि अकर्म. आणि वर बजावतात की कर्माची वाट फार गहन आहे बाबा. लगेच पुढच्या श्लोकात उलगडा सुरू होतो. कर्मात अकर्म बघणारा आणि अकर्मात कर्म बघणारा तो खरा बुद्धिमान. छान. पण विकर्माचं काय? त्याची व्याख्या पुढे येतच नाही! आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल डिक्लेअर केलाय, पण त्याला व्हॅल्यू दिलेली नाही.

मग ती व्हॅल्यू भाष्यकारांनी भरली. आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात विकर्म म्हणजे शास्त्राने निषिद्ध ठरवलेलं कर्म. इथे ‘वि’ म्हणजे उलटं, वाकडं. जसं विकृत, विफल, विसंगत. बहुतेक जुने टीकाकार याच वाटेने गेले.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. तीच आपली ‘गीता प्रवचने’. तिथे विनोबांनी याच ‘वि’चा दुसरा अर्थ घेतला. वि म्हणजे विशेष. जसं विज्ञान, विख्यात, विशुद्ध. हात बाहेर काम करताहेत ते कर्म, आणि त्या कामात आतून मन ओतलं जातंय ते विकर्म. ही दोन्ही एकत्र आली की कर्माचं ओझंच उरत नाही, ते अकर्म.

उपसर्ग एकच. एकाच्या मते विकर्म टाळायचं आणि दुसऱ्याच्या मते विकर्म जोडायचं!

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझ्यातला इंजिनीअर जरा अस्वस्थ झाला. एवढं मोठं तत्त्वज्ञान, आणि ते उभं कशावर? एका अक्षरावरच्या कोटीवर? आणि देवाच्या शब्दांशी असा खेळ करायची परवानगी आहे का आपल्याला? शब्दाची कोटी सत्याकडे कधी नेते आणि फसवते कधी? आजचं चिंतन एवढ्याच प्रश्नावर.

(‘कोटी’ हा शब्द तरी बघा. एक कोटी रुपये, उच्च कोटीचा गायक, आणि पु. ल. करायचे ती कोटी. एका शब्दात तीन बिऱ्हाडं!)

हा विषय आज सुचला त्याचं एक कारण आमचा मुलूख. दिवा-रोहा मेमूने पेण सोडलं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. माझं जाणं-येणं नेहमी याच मार्गावर. याच पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकमध्ये ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा जन्मले. आणि रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० ला पांडुरंगशास्त्री आठवले, म्हणजे सगळ्यांचे दादा. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं १९८१ मध्ये. दोघांच्या वाटा वेगळ्या, माणसं वेगळी. पण एक गोष्ट दोघांत सारखी. जुना शब्द हातात घ्यायचा, थोडा फिरवायचा, आणि त्यातून लोकांना आजचं काम द्यायचं.

पेणचं आणखी एक उदाहरण तर डोळ्यांसमोर असतं. पेण, हमरापूर, जोहे या भागात गणपतीच्या मूर्ती घडतात. इथल्या माणसाला सर्जन आणि विसर्जन हे दोन्ही शब्द शिकवावे लागत नाहीत. दोन्हींचा धातू एकच, सृज्. त्याचा मूळ अर्थ सोडणं, बाहेर पाठवणं. त्यातूनच ‘निर्माण करणं’ आलं. म्हणजे ‘वि’ हे काही सरळ सरळ मायनस चिन्ह नाही. सर्जनाला वि लागला की नाश होत नाही, हातातून सोडून देणं होतं. कारागीर मूर्ती घडवून सोडतो, आपण पूजा करून सोडतो. त्यामुळे विनोबांनी ‘वि’ चिमटीत धरून उलटसुलट बघितला तर त्यात आश्चर्य वाटायला नको. संस्कृतने ती सोय दिलेलीच आहे.

आता ‘गीताई’ घ्या. विनोबांच्या आईला संस्कृत गीता समजत नव्हती, तिला ती मराठीत हवी होती. मुलाने गीता मराठीत आणली १९३०-३१ मध्ये. तोवर आई जाऊन बारा वर्षं झाली होती. गीता अधिक आई. शाळेतली सवर्णदीर्घ संधी, आ आणि आ मिळून आ. व्याकरणात एवढंच घडतं. पण त्या एका ‘आ’मध्ये ग्रंथ संपतो कुठे आणि आई सुरू होते कुठे, ते कळत नाही. मुक्ताई, जनाई म्हणणाऱ्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. लाखो घरांत ते पुस्तक गेलं.

दादांचं ‘मत्स्यगंधा’ असंच. पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांनी मिळून चालवलेल्या होड्यांना हे नाव दिलं. बोटीवर पाळीपाळीने जायचं, ते काम भक्ती म्हणून करायचं, आणि जे मिळेल ते देवाचं मानून गरजूंपर्यंत पोचवायचं. आता मत्स्यगंधा म्हणजे मासळीचा वास. ज्या वासावरून कोळ्याला लोकांनी नाकं मुरडली, तोच वास. पण मत्स्यगंधा म्हणजे सत्यवतीसुद्धा! कोळ्याच्या घरी वाढलेली, व्यासांची आई, हस्तिनापूरची राणी. जिच्या पोटी महाभारत लिहिणारा जन्मला ती कोळीण. नाव वाचताना पहिल्यांदा होडी दिसते, मग व्यासांची आई दिसते, आणि होडीत बसलेल्या माणसाची मान आपोआप ताठ होते.

आपल्या साहित्यशास्त्रात याला श्लेष म्हणतात. धातू श्लिष्, म्हणजे बिलगणं, मिठी मारणं. ‘आश्लेष’ शब्द मराठीत आहेच. एका शब्दाने दोन अर्थांना मिठी मारली की श्लेष झाला.

पण प्रत्येक मिठी प्रेमाची असते का? धृतराष्ट्रानेही भीमाला मिठी मारायला बोलावलंच होतं!

म्हणून आता महाभारतातला श्लेष बघू या, सगळ्यांत महागात पडलेला. द्रोणपर्व. द्रोणाचार्य आवरत नाहीत. मुलगा गेला असं कळलं तरच ते शस्त्र खाली ठेवतील. भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो. द्रोण इतर कुणावर विश्वास ठेवत नाहीत, युधिष्ठिराला विचारतात. आणि युधिष्ठिर म्हणतो, अश्वत्थामा मेला. हत्ती हा शब्द तो उच्चारतो, पण ऐकू जाणार नाही असा. ‘नरो वा कुंजरो वा’ ही आपल्याकडे म्हणच होऊन बसली.

साहित्यशास्त्र श्लेषाचे दोन प्रकार मानतं. शब्द फोडला की दुसरा अर्थ मिळतो तो सभंग श्लेष, न फोडता मिळतो तो अभंग श्लेष. अश्वत्थामा हा अभंग श्लेष. एक नाव, एक माणूस, एक हत्ती. शब्द अभंग राहिला, विश्वास तेवढा भंगला. आणि व्यास तिथेच नोंदवून ठेवतात की युधिष्ठिराचा रथ आजवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला.

याचं मला फार नवल वाटतं. वाक्य खरं होतं. अश्वत्थामा नावाचं कुणीतरी खरंच मेलं होतं. तरी रथ टेकला. म्हणजे महाभारताच्या हिशेबात खरं-खोटं हे शब्दांवर ठरत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहणार, आणि ते तसं उभं राहावं म्हणून बोलणाऱ्याने काय केलं, यावर ते ठरतं.

हे फक्त कुरुक्षेत्रावर घडतं असं नाही. आमच्या क्षेत्रात ते बऱ्याचदा कॉलवर घडतं. एका रिलीजच्या आदल्या दिवशी क्लायंटने विचारलं, “टेस्टिंगमध्ये काही सापडलं का?” आमच्या बाजूच्या सीनियरने उत्तर दिलं, “आत्तापर्यंत एकही बग रिपोर्ट झालेला नाही.” वाक्य शंभर टक्के खरं. कारण त्या मॉड्यूलचं टेस्टिंग सुरूच झालं नव्हतं!

कॉल संपल्यावर टीममध्ये नुकत्याच आलेल्या मुलीने मला चॅटवर विचारलं, “दादा, पण यात खोटं असं काय बोलले ते?”

मी तिला उलट विचारलं, “उद्या क्लायंटला कळलं की टेस्टिंग झालंच नव्हतं, तर आजचं हे वाक्य आठवून त्याला काय वाटेल?”

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं. “आपल्याला फसवलं असं वाटेल.”

त्या संध्याकाळच्या स्टेटस मेलमध्ये आम्ही दोघांनी एक ओळ जास्तीची लिहिली, की या मॉड्यूलचं टेस्टिंग अजून व्हायचंय. रिलीज पुढे गेला. सीनियर नंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलले. बक्षीस वगैरे कुणाला मिळालं नाही, ते मिळणारही नव्हतं.

पण त्या मुलीच्या उत्तरात मला आजच्या प्रश्नाची चाचणी सापडली. ती अशी : दुसरा अर्थ कळल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा कसा होतो?

‘गीताई’तली आई दिसली की चेहरा उजळतो. ‘मत्स्यगंधा’त सत्यवती दिसली की उजळतो. सप्ताहात एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड चाललेलं असतं, पोरं हसत असतात, आणि मधेच कुणाच्या तरी लक्षात येतं की हा विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि चावलाय तो आपल्यालाच. तो माणूस गप्प होतो, पण फसवलं गेल्यासारखा नाही होत. त्याला काहीतरी मिळालेलं असतं. द्रोणांना मात्र तो हत्ती कळला असता तर? चांगल्या श्लेषातला दुसरा अर्थ सापडावा म्हणून ठेवलेला असतो. वाईट श्लेषातला सापडू नये म्हणून.

हीच चाचणी व्हॉट्सअ‍ॅपला लावू. एक मेसेज तुम्हालाही आलेला असेल. भगवान म्हणजे काय? भ म्हणजे भूमी, ग म्हणजे गगन, व म्हणजे वायू, अ म्हणजे अग्नी, न म्हणजे नीर. माझ्या मावशीकडून मला तो अनेकदा आलाय. आता व्युत्पत्ती म्हणून हे बरोबर नाही. भगवान म्हणजे ज्याच्याकडे ‘भग’ आहे तो, आणि विष्णुपुराणात भग म्हणजे ऐश्वर्य, यश, श्री, ज्ञान, वैराग्य वगैरे सहा गुण सांगितलेत. मग मावशीला तसं सांगायचं का?

मला वाटतं इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पाण्याच्या तांब्याकडे बघून मावशीला ‘न’ आठवत असेल आणि ती ते पाणी जपून वापरत असेल, तर त्या खेळाने तिचं भलंच केलं. आपल्याकडे ही रीत जुनी आहे. निरुक्तात यास्काचार्य एकेका शब्दाच्या दोन-दोन, तीन-तीन फोडी शेजारी शेजारी ठेवतात. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ म्हणजे जो उद्यापर्यंत टिकत नाही तो, अशी फोड शंकराचार्य करतात. ती फोड आपल्याला पिंपळाच्या झाडाखाली उभं करून संसाराविषयी विचार करायला लावते. तिचं काम तेवढंच, आणि ते मोठं आहे.

पण त्याच मेसेजच्या खाली जेव्हा ‘हे आपल्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी शास्त्रात लिहून ठेवलंय, विज्ञानाला आता कळतंय’ असं येतं, तिथे खेळ संपला. तिथे कुंजर हळू आवाजात म्हटला गेला. कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला एक दिवस खरी व्युत्पत्ती कळते, आणि त्याचा चेहरा उजळत नाही, पडतो. मग तो फक्त मेसेजवरचा नाही, शास्त्रावरचाही विश्वास काढून घेतो. म्हणून मावशीला मी एवढंच म्हणेन, “मावशी, पाच अक्षरांची आठवण छान आहे, ठेव. शेवटची ओळ तेवढी काढून पाठव.”

आता जरा अवघड भाग. तो टाळला तर आजचं चिंतन अर्धवट राहील.

२५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी पवनारला वर्षभराचं मौन घेतलं होतं. त्या मौनातच जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. जयप्रकाश नारायण, म्हणजे ज्यांनी भूदानासाठी जीवनदान केलं होतं तेच, तुरुंगात गेले. काँग्रेसचे खासदार वसंत साठे विनोबांना भेटायला आले, तेव्हा दोन शब्द पुढे आले : ‘अनुशासन पर्व’. शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला उपदेश करतात ते महाभारताचं तेरावं पर्व. सरकारने ते दोन शब्द उचलले. आणीबाणी म्हणजे अनुशासन पर्व, विनोबांचा आशीर्वाद आहे, असा प्रचार देशभर झाला. अनुशासन म्हणजे शिस्त; गाड्या वेळेवर, कामगार गप्प.

डिसेंबरमध्ये मौन सुटलं तेव्हा विनोबांनी फरक सांगितला. शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. तैत्तिरीय उपनिषदात शिकून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, तो या जातीचा. ज्यांच्या हातात दंड नाही, भीती नाही, स्वार्थ नाही, त्यांचं सांगणं म्हणजे अनुशासन. १९७६ च्या जानेवारीत पवनारला आचार्यांचं संमेलनही झालं. एका ‘अनु’ने अर्थ पार उलटा होतो. पण तोवर सहा महिने गेले होते, आणि लोक त्यांना ‘सरकारी संत’ म्हणून मोकळे झाले होते.

विनोबांवर माझी श्रद्धा आहे. त्यांच्या मनात फसवणूक नव्हती याविषयी मला शंका नाही. युधिष्ठिराने हत्ती लपवला होता, यांनी काही लपवलं नव्हतं. शब्द सगळ्यांसमोर होता आणि ज्याला महाभारत माहीत होतं त्याला दुसरा अर्थ शोधता येत होता. तरीही माझी चाचणी मी इथे सोडत नाही. तुरुंगात बसलेल्या माणसाने तो शब्द ऐकला असेल तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल?

मला यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे श्लेष ऐकणाऱ्यावर सोपवलेला असतो. ऐकणारा सत्तेवर असेल तर तो सोयीचाच अर्थ घेणार, आणि त्याच्याकडे तो अर्थ गावोगाव पोचवायची यंत्रणाही असणार. म्हणून जिथे चुकीच्या अर्थाची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, तिथे श्लेष पुरत नाही. तिथे सरळ, एकाच अर्थाचं, मोठ्याने बोलावं लागतं. दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी. संतांच्या शब्दात आपल्याला हवा तो अर्थ चटकन सापडला, की तिथेच जरा थांबायचं आणि दुसरा शोधायचा.

आता परत विकर्माकडे. विनोबांची ती कोटी चाचणीत उतरते का? माझ्या मते उतरते. त्यांनी शंकराचार्यांचा अर्थ लपवला नाही. भाष्य सगळ्यांसाठी उघडं आहे. गीतेने जिथे जागा रिकामी ठेवली होती तिथेच त्यांनी आपला दिवा लावला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्या दुसऱ्या अर्थाने कुणालाही सूट मिळाली नाही. शंकराचार्य सांगतात, निषिद्ध ते करू नकोस. विनोबा सांगतात, जे करतोस त्यात मन ओत. दोन्ही अर्थ आपल्यावर काम टाकतात. ‘नरो वा कुंजरो वा’ने मात्र युधिष्ठिराचं काम हलकं केलं. अर्थ बदलल्यावर माझ्यावरची जबाबदारी वाढत असेल तर तो अर्थ घ्यायला हरकत नाही. जबाबदारी अलगद निसटत असेल, तर रथ टेकलाच म्हणून समजा.

आजचा छोटा प्रयत्न : दिवसभरात आपण एक तरी वाक्य असं बोलतो जे शब्दाने खरं असतं आणि इराद्याने नसतं. “मी बघतो.” “रस्त्यातच आहे.” “तुझा मेसेज आत्ताच बघितला.” आज असं एक वाक्य ओठांवर आलं की त्यातला हत्ती मोठ्याने म्हणून टाकू या. “मी बघतो, पण या आठवड्यात जमणार नाही.” एवढंच. आणि एखादा शब्द देवाचं नाव घेऊन अचानक दोन अर्थांनी उलगडला, तर तो शेजारच्यालाही दाखवा. त्याचा चेहरा बघा.

उद्या श्लोक १८.

राम कृष्ण हरी 🙏